बंदुकीआधी दात

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून भलती अपेक्षा करणार नाही. लहानपणी काचीगुड्याच्या स्टेशनात इंजिनाने शिट्टी दिली की मी आईच्या पदरात तोंड खुपसायचो, आणि मोठेपणी नोकरी मिळाली ती ड्रिल मास्तरची. वडील महसूल खात्यात होते, ते अचानक गेले. घरात आई आणि मॅट्रिकच्या वर्गातला धाकटा भाऊ. शाळेत जी जागा रिकामी होती ती मी पत्करली. अंगकाठी बारीक, त्यात डोळ्यांवर चष्मा. पोरं माझ्या पाठीमागे मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं. पण शिट्टी फुंकायला आणि ‘एक-दो, एक-दो’ करायला काही फार मोठी छाती लागत नाही, अशी मी माझी समजूत घातली होती.

आणि नेमकं ते वर्ष आलं. इंग्रज गेला, दिल्लीत झेंडा चढला, आणि आम्ही हैदराबादचे लोक मधल्यामध्ये लटकलेले. संस्थान म्हणे आम्ही कुणाचेच नाही, आम्ही आमचे. दिल्ली म्हणे सामील व्हा. या ओढाताणीत सरहद्दीवर नाकेबंदी झाली. रॉकेल मिळेना, औषधं मिळेनात, पाण्यात टाकायची पावडर मिळेना म्हणून शहरात पटकी सुरू झाली. संध्याकाळ झाली की आमच्या गल्लीतून ते लोक कवायत करत जायचे. त्यांचं नाव आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. आई नुसतं ‘ते’ म्हणायची, मीही तेच म्हणतो. खाकी कपडे, खांद्याला बंदूक, आणि बुटांचा एकसारखा आवाज. तो आवाज कोपऱ्यावर आला की आई खिडकी लावून घ्यायची आणि बूट पार लांब जाईपर्यंत खिडकीच्या कडीवर हात ठेवून उभी राहायची. ड्रिल मास्तर तिच्या मागे, भिंतीला चिकटून.

जूनमध्ये शाळा उघडली आणि हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. वरून हुकूम आला होता. प्रत्येक हायस्कुलाने वरच्या वर्गातल्या मुलांचं पथक उभं करायचं, त्यांना वर्षभर शिस्तीने तालीम द्यायची, बंदूक शिकवायची, आणि तयार झालेली मुलं रेल्वेच्या रुळांवर नि पुलांवर पहाऱ्याला द्यायची. कुणाच्या हाताखाली, ते हुकुमात लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. वर्षाच्या तालमीचा आराखडा ड्रिल मास्तरने करायचा आणि मोहतमीम साहेबांकडून, म्हणजे आमच्या शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांकडून, मंजूर करून घ्यायचा. हेडमास्तर वकिलांच्या घराण्यातले, बोलायला पक्के. पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे न बघता एवढंच सांगितलं की नीट करा, घाई करू नका.

त्या मुलांत माझा भाऊ होता. सांगायची गोष्ट ही की तो अजिबात घाबरला नव्हता. उलट पथकाची बातमी कळल्यापासून स्वारी हवेत होती. दुपारी गच्चीवर त्याचे दोस्त जमायचे आणि कुजबुज चालायची. एकदा वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून मी वर गेलो आणि सगळं ऐकलं. बेत असा की सरकारच बंदूक शिकवतंय तर शिकून घ्यायची, आणि एकदा हातात आली की बंदुकीसकट सरहद्द ओलांडून पलीकडच्या शिबिरात जायचं, तिथून याच सरकारशी लढायचं. बंदूक धरायची कशी ते एकालाही माहीत नव्हतं. सरहद्दीच्या वाटेवर काय काय चाललं होतं ते मला माहीत होतं, कारण त्या बाजूने पळून आलेली माणसं स्टेशनाच्या आवारात बसलेली मी रोज पाहत होतो. एका बाजूला ते, या पोरांना रुळांवर उभं करायला टपलेले. दुसऱ्या बाजूला ही शहाणी पोरं. दोघांनाही बंदूक लवकर हवी होती. पोरांच्या हाती ती पडली की इकडून नाहीतर तिकडून ती मरणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि बंदूक त्यांच्या हातात कधी द्यायची ते मी ठरवणार होतो.

तेव्हा मी ठरवलं की हा आराखडा असा करायचा की तो सुरूच होऊ नये. शूरपणाने नव्हे बरं का. घाबरलेला माणूस जे करतो ते मी केलं, दिवस ढकलले. पण सरकारी कागदात दिवस ढकलायचे तर त्याला कारण लागतं, आणि कारण असं लागतं की ज्याला कुणी नाही म्हणू शकणार नाही. हैदराबादेत असं एकच कारण होतं, सण. आमच्याकडे शुक्रवारी सुट्टी, गुरुवारी अर्धी शाळा. मी आधी रमजान घेतला. रोज्यांच्या महिन्यात मुलांकडून कवायत कशी करून घेणार? मग आषाढातले बोनालू, तेलुगू मुलांचे. मग ईद. मग श्रावणी सोमवार, त्या दिवशीही अर्धी शाळा. मधल्या उरलेल्या दिवसांत मी मुलांची उंची मोजायला लावली, छाती मोजायला लावली, सावधान आणि विश्राम एवढ्यावरच आठवडे घालवले. गणवेशाशिवाय बंदूक नाही, असं एक कलम टाकलं, कारण नाकेबंदीमुळे खाकी कापड कुठेच मिळत नव्हतं. प्रथमोपचार, नकाशा वाचणं, शिट्ट्यांच्या खुणा, सगळं बंदुकीच्या आधी. इतका सविस्तर आराखडा त्या खात्यात कुणी केला नसेल. सुंदर उर्दू अक्षरात, लाल शाईने रेघा मारून मी तो लिहिला आणि बंदुकीच्या तारखेची जागा कोरी सोडली.

मोहतमीम साहेब म्हातारे होते. करडी शेरवानी, मेंदी लावलेली दाढी, आणि डाव्या गालावर कायम हात. त्यांची दाढ दुखायची, ते साऱ्या खात्याला ठाऊक होतं. त्यांनी माझा आराखडा शेवटपर्यंत वाचला. मी समोर उभा. मग कोऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, ही जागा रिकामी का. मी ततपप केलं. कापड आलं की, वगैरे. ते म्हणाले की तारीख नसलेला कागद वर जात नाही, उद्या तारीख घालून आणा.

आता इथे मी जी चूक केली ती आमच्यासारखाच माणूस करू जाणे. तारीख द्यायचीच तर सुट्टीच्या दिवसाची द्यावी, असं मी योजलं. नारळी पौर्णिमेला आमची शाळा बंद असायची, निम्म्या मुलांची जानवी बदलायची असायची. त्या दिवशी बंदुका वाटायचं कागदावर लिहायचं, शाळा बंद म्हणून ते राहून जाणार, मग गणपती आले, मग पितृपक्ष, मग दसरा, असं हळूहळू वर्ष काढायचं. घरी येऊन मी खुंटीवरचं पंचांग काढलं. सरकारी कामकाज फसली, म्हणजे संस्थानाच्या स्वतःच्या सालाच्या, महिन्यांनी चालायचं. घरात श्रावण, वर्तमानपत्रात ऑगस्ट, दफ्तरात मेहेर. एका दिवसाला तीन तीन नावं, आणि आम्हाला त्याचं काही वाटत नसे, सरकारी डायरीत बघून इकडचं तिकडे करायची लहानपणापासून सवय. मी पौर्णिमा काढली, मेहेर महिन्याच्या अखेरीस आली, ती तारीख भरली.

खुंटीवरचं पंचांग गेल्या वर्षीचं होतं. पुण्याकडून येणारं नवं पंचांग त्या वर्षी नाकेबंदीत अडकलं होतं आणि आलंच नव्हतं. आई देवळातल्या भटजींना विचारून सण करायची. मला वाटलं, दोन-चार दिवस इकडेतिकडे, तेवढी सुट्टी ताणता येईल. आईला विचारलं असतं तर तिने तिथल्या तिथे कान उपटला असता, पण आईला विचारायचं म्हणजे आराखड्याचं सांगायचं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोहतमीम साहेबांनी तारीख पाहिली. बराच वेळ पाहिली. मग आपला टाक उचलला आणि तिच्यावर, स्वतःच्या बारीक अक्षरात, एक ओळ घातली. ‘हत्यार देण्याआधी प्रत्येक मुलाच्या दातांची तपासणी व्हावी.’ खाली सही, शिक्का. दातांची तपासणी? मी मनात कपाळावर हात मारला. म्हाताऱ्याला स्वतःची दाढ सुचू देत नाही, म्हणून साऱ्या संस्थानाचे दात बघायला निघालाय, असं मला वाटलं. घरी येताना टांग्यात मी एकटाच हसलो, आणि त्या उन्हाळ्यानंतर मी हसलेला तो बहुधा पहिलाच दिवस.

रमजान गेला, ईद गेली. पोरं माझ्यावर वैतागली होती. माझा भाऊ घरात माझ्याशी धड बोलत नव्हता. त्याच्या मते त्याचा थोरला भाऊ उंच्या मोजणारा शिंपी होता. मोजू दे, म्हटलं. रोजचा एक दिवस गेला की मी मनात त्यावर काट मारायचो आणि जेवायला बसायचो.

मग एका सकाळी आईने मला बाजारातून नारळ आणायला सांगितला. कशाला, म्हटलं. उद्या नारळी भात करायचा नाही का, ती म्हणाली. उद्या पौर्णिमा.

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. मी म्हटलं, उद्या कशी, अजून दहा-बारा दिवस आहेत. तर ती माझ्यावरच डाफरली. गेल्या वर्षी अधिक होता, श्रावण अधिक, धोंड्याचे अनारसे गिळलेस ते विसरलास का. अधिक आला की त्या वर्षी सगळे सण पुढे जातात, यंदा मागे येणार नाहीत तर काय. एवढंही कळत नाही, म्हणे मास्तर. मी तांब्या उचलला नाही. मला एवढंच दिसत होतं की मेहेरअखेरची ती तारीख आता साधा कामाचा दिवस होती, शाळा भरलेली, मुलं हजर, आणि आराखड्याची एक प्रत त्या लोकांच्या ठाण्यावर गेलेली. मी स्वतःच्या हाताने त्यांना आमंत्रण धाडलं होतं.

पौर्णिमेचा नारळी भात मी ताटात तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून मी मोहतमीम साहेबांच्या घरी गेलो. ते हिमायतनगरच्या पलीकडे, मुसलमानांच्या मोहल्ल्यात राहायचे. एरवी मी तिकडे फिरकलो नसतो. तारखेत चूक झाली आहे, ती बदलावी, एवढंच मी म्हणालो. का, ते सांगायची हिंमत नव्हती. ते गाल धरून ऐकत होते. मंजूर झालेली तारीख आता बदलत नाही, म्हणाले. मी उठलो, तेव्हा मागून आवाज आला, “मास्टरसाब, बच्चों से कहना, उस रोज मिस्वाक करके आयें.” म्हणजे दात घासून. बाहेर पडल्यावर मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की काय सांगू. इथे माझ्या भावाचा जीव जातोय आणि याला मिस्वाक सुचतंय.

तो दिवस उजाडला. रात्रभर झोप नव्हती, सकाळी दाढी करताना तीन ठिकाणी कापून घेतलं. मैदानात मुलं रांगेत उभी होती आणि भाऊ पहिल्या रांगेत, चेहरा नुसता उजळलेला. दहाच्या सुमारास फाटकाशी लॉरी थांबली. त्यांच्या टोळीचा म्होरक्या उतरला, त्याला सालार म्हणत. माझ्याच वयाचा, गोरा, नाजूक मिश्या. त्याने मला वाकून आदाब केला. त्याने आरडाओरडा केला असता तर मी एवढा घाबरलो नसतो. मागून दोघांनी एक लांब लाकडी पेटी उतरवली आणि मैदानात ठेवली. पेटीत काय आहे ते विचारायची गरज नव्हती. सालारने खिशातून आराखड्याची प्रत काढली, माझं अक्षर चांगलं असल्याचं सांगितलं, आणि म्हणाला की बंदुका आज इथे वाटू आणि मुलांना आजच घेऊन जाऊ, पुढचं शिक्षण रुळांवर होईल. हेडमास्तर व्हरांड्यात खांबाला धरून उभे होते. मी शिट्टी तोंडात धरली होती, ती दातांवर वाजत होती.

तेवढ्यात टांगा आला. मोहतमीम साहेब उतरले, गालावर हात, मागे खुर्ची घेतलेला चपराशी. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. खुर्ची रांगेसमोर ठेवायला लावली, तिच्यावर बसले, आणि माझ्याकडून आराखडा मागून घेतला. मग स्वतः घातलेली ओळ मोठ्याने वाचली. दातांचा डॉक्टर पटकीच्या कामावर गेला आहे, म्हणाले, तेव्हा ही तपासणी मीच करणार. सालार हसला.

“दाँत से बंदूक चलाते हैं क्या, हजरत?”

“नहीं मियाँ,” साहेब म्हणाले. “मगर सरकारी कागज दाँत माँगता है. जाब्ता है.”

जाब्ता म्हणजे कामाचा रीतसर नियम. आमच्या संस्थानात त्या शब्दापुढे भलेभले गप्प बसत. सालार स्वतःला सरकारचा माणूस म्हणवत होता, त्यामुळे त्यालाही गप्प बसावं लागलं. तो पेटीवर बसला आणि सिगारेट पेटवली.

पहिला मुलगा पुढे आला. साहेबांनी त्याला तोंड उघडायला लावलं, हनुवटी धरून उन्हाकडे फिरवली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. वरचे दात, खालचे दात, दाढा. मग चपराशाला लिहायला सांगितलं, नापास. कीड आहे, डॉक्टर बघेपर्यंत हत्यार नाही. दुसरा मुलगा. पुन्हा तेच, त्याहून सावकाश. ऊन चढत होतं. एकेका मुलाला ते इतका वेळ लावत होते की रांगेतल्या एकाला भोवळ आली आणि त्याला सावलीत नेऊन पाणी पाजावं लागलं. त्यालाही नंतर परत बोलावून तपासलं. सगळे नापास. माझा भाऊ पुढे आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्याचे दात मोत्यासारखे होते, आई त्याचं कौतुक करताना थकायची नाही. साहेबांनी त्याच्या तोंडात बोट घालून मागची दाढ दाबली. दुखतं का, विचारलं. नाही, तो ठणकावून म्हणाला. “दुखेगी,” साहेब म्हणाले, आणि लिहायला सांगितलं, नापास. भाऊ रागाने लालबुंद झाला. मुलं संपली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं, आप भी, मास्टरसाब. मीही त्यांच्यापुढे वाकून तोंड उघडलं. माझा जबडा थरथरत होता. त्यांचं बोट माझ्या दाताला लागलं, तेव्हा कळलं की थरथरणारा मी एकटा नव्हतो.

सालारने दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी सिगारेट विझवून उठला आणि साहेबांच्या अगदी तोंडाजवळ जाऊन काहीतरी बोलला. काय, ते मला ऐकू आलं नाही. साहेबांनी नुसती मान हलवली. मग पेटी लॉरीत परत चढली. डॉक्टर आला की येतो, असं सालार माझ्याकडे बघून म्हणाला आणि पुन्हा वाकून आदाब केला. लॉरी वळून गेली. मी तिथेच मैदानात मटकन बसलो.

डॉक्टर यायच्या आधी हिंदुस्थानची फौज आली. चार-दोन दिवस तोफांच्या बातम्या ऐकल्या आणि सगळं संपलं. गल्लीत लोक मिठाई वाटत होते. आई खिडकी उघडून उभी होती आणि रडत होती. भाऊ झेंडा घेऊन चिक्कडपल्लीपर्यंत मिरवून आला, घसा बसवून घेतला. मीही खूश होतो. पण माझ्यासारख्या माणसाला भीतीचा वास लगेच येतो. काही दिवसांनी मी हिमायतनगरकडून जात होतो, एक फौजी तुकडी बूट वाजवत निघाली होती, आणि पलीकडच्या मोहल्ल्यात, जिथली कितीतरी कोवळी पोरं त्या लोकांच्या टोळ्यांत जाऊन मारली गेली होती, एकेक करून खिडक्या बंद होत होत्या. बंद करणारा एक हात मला दिसला. मी मान खाली घालून पुढे गेलो.

काही महिन्यांनी शाळाखात्याची चौकशी लागली. मोहतमीम साहेबांना कामावरून दूर केलं होतं, आरोप असा की त्यांनी पथकं उभी करायला मंजुरी दिली, आराखड्यावर त्यांची सही आहे. मला साक्षीला बोलावलं. चौकशी अधिकारी मध्य प्रांतातून आलेले, मराठी बोलणारे. त्यांच्यापुढे माझा आराखडा होता. त्यांनी तो भाषांतर करून घेतला होता, आणि वाचून फार खूश झाले होते. गुरुजी, म्हणाले, काय शिताफीने तुम्ही हे लांबवलंत, एक मुलगा त्यांच्या हाती लागू दिला नाहीत, आणि आता नव्या छात्रपथकाचा तीन वर्षांचा आराखडा तुम्हीच करायचा. पुन्हा पथक, पुन्हा बूट. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आता तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो की लांबवलं मी, पण ऐन दिवशी वाचवलं ते त्यांनी. दातांची ओळ त्यांची होती. माझी तारीख चुकली होती, त्यांची ओळ चुकली नाही. माझा भाऊ जिवंत आहे तो त्यांच्यामुळे.

अधिकाऱ्यांनी साहेबांना आत बोलावलं. ते आले. शेरवानी तीच, पण आता ती अंगावर लोंबत होती. अधिकाऱ्यांनी विचारलं की हे गुरुजी म्हणतात ते खरं आहे का, तुम्ही मुद्दाम मुलांना नापास केलंत का. तसं असेल तर तसं लिहून घेतो, तुमचा प्रश्न सुटेल. मी त्यांच्याकडे बघत होतो. हो म्हणा, मी मनात ओरडत होतो. हो म्हणा हो.

“जी नहीं,” साहेब म्हणाले. “दाँत खराब थे.”

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. माझा तोल सुटला होता. का नाही सांगितलंत, मी विचारलं, नोकरी वाचली असती, पेन्शन वाचली असती, ही काय हट्टाची वेळ आहे. ते गाल धरून उभे राहिले. मग आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

“मास्टरसाब, मुझे उसी मोहल्ले में रहना है. जिनके लड़के मारे गये, वो पूछेंगे, हमारे बच्चों के दाँत क्यों नहीं देखे?”

त्यांनी आदाब केला आणि जिना उतरून गेले, एकेका पायरीवर थांबत.

नव्या पथकाचा आराखडा मी केला. तीन वर्षांचा, महिन्यामहिन्याने, आता इंग्रजी तारखांनी आणि रविवारच्या सुट्टीने, नवं पंचांग शेजारी ठेवून. बंदूक दुसऱ्या वर्षात येत होती. तिच्या आधी मी एक ओळ घातली. नव्या साहेबांनी ती वाचली, भुवया उंचावल्या, आणि विचारलं की छात्रांच्या दातांशी आपल्याला काय करायचंय. मी टेबलाची कड धरली.

“जाब्ता आहे साहेब,” मी म्हणालो.